टिकली लावलेलं बटण

माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट असतं, पण कपाळावर टिकली नसते. नव्या घरी कामाला गेले की तिथल्या बायकांच्या हे पटकन लक्षात येतं. तोंडावर कोणी विचारत नाही. मग मी पाकीट उघडते, एक लाल टिकली वायरच्या ह्या टोकाला चिकटवते, तसलीच दुसरी त्या टोकाला, आणि त्या हसायला लागतात. मीही हसते. बोलायचं काम वाचतं.

लोकांच्या घरातले कॉम्प्युटर एकमेकांशी जोडून द्यायचे, एकावरची फाईल दुसऱ्यावर उघडेल आणि एकच प्रिंटर सगळ्यांना चालेल असं करून द्यायचं, हे माझं काम. इकडे खारघरपर्यंत आणि तिकडे तळवली-घणसोलीपर्यंत जाणं होतं. मी चौथी शिकलेली बाई आहे. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात, आणि मुलीला तिकडे पाठवायची घरात कोणाची हिंमत झाली नाही. ह्यात कोणाला नावं ठेवायची नाहीत. मला जे मिळालं ते उशिरा मिळालं, पण चांगल्या माणसांच्या हातून मिळालं. त्यांच्यासमोर उभं राहून आभार मानायला मला कधी जमलं नाही. माझा आवाज ओठांपर्यंत येईतो विरून जातो. म्हणून हे लिहिते आहे. कोणाला दाखवायला नाही.

लग्न करून मी मराठवाड्यातून शिरवण्याला आले. नवरा जवळच्या कारखान्यात होता. तो आजारपणात गेला आणि मी शशीदादाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात झाडलोट आणि चहापाण्याच्या कामाला लागले. दादा शिरवण्याचाच, आगरी माणूस, वयानं माझ्याहून लहान, आवाजानं खूप मोठा. दुकानात जमिनीवर वायरींचा गुंता पडलेला असायचा. मला त्याची भीती वाटायची. मी लांबूनच झाडू फिरवायचे.

"ताई, वायर काय साप हाय का?" दादा ओरडला. "उचल ती. चावत नाय."

मी उचलली. गुंता सोडवायला मला लहानपणापासून आवडतं. दुपारी दुकानात कोणी नव्हतं तेव्हा सगळ्या वायरी सोडवल्या, वेटोळी करून भिंतीवरच्या खिळ्यांना टांगल्या. दादानं संध्याकाळी पाहिलं. काही बोलला नाही, आणि दादा काही बोलत नाही म्हणजे मोठीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी त्यानं मला वायरीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी बसवायला शिकवलं. नेटवर्कच्या जाड वायरीत आठ बारीक तारा असतात. त्या ठरलेल्या रंगांच्या क्रमानंच टोपीत गेल्या पाहिजेत, नाहीतर दोन कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत नाहीत. नारिंगी जोडी, मग हिरवीतली एक तार, मध्ये निळी जोडी घुसते, मग हिरवीची दुसरी, शेवटी तपकिरी. मी एकदा पाहिलं आणि बसवलं.

"कोनी शिकवलं तुला?"

"आईनं," मी म्हणाले. "वाकळ शिवायला."

वाकळीत ठिगळांचे रंग असेच लक्षात ठेवावे लागतात, कुठला कुठल्याच्या शेजारी येणार ते. दादा दुकान हलेल इतका हसला. पण त्या दिवसापासून दुपारचा चहा तो स्वतः करायला लागला.

टिकल्यांचं असं झालं. कुठली वायर कुठून कुठे जाते हे कळावं म्हणून दादा टोकांना कागदाच्या पट्ट्या लावायचा आणि त्यांवर इंग्रजीत लिहायचा. मला ते वाचता येत नव्हतं. पर्समध्ये टिकल्यांचं जुनं पाकीट होतं. नवरा गेल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, आता लावू नकोस. मी लावणं सोडलं, पण पाकीट टाकवलं नव्हतं. त्यातल्या दोन टिकल्या वायरीच्या दोन टोकांना लावल्या. दादानं वायरीकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि बाहेर निघून गेला. परत आला तो टिकल्यांचा अख्खा डबा घेऊन. लाल, हिरव्या, पिवळ्या, सगळे रंग.

"दुकानाचा माल हाय," एवढंच म्हणाला.

इंग्रजी अक्षरं मी कीबोर्डवर शिकले. त्यामुळे माझी एबीसीडी क्यूपासून सुरू होते. दादाच्या बायकोनं, प्रतिभानं, मला एकेक अक्षर बोटानं दाखवून पाठ करून घेतलं. पुस्तकातली एबीसीडी मला आजही सलग म्हणता येत नाही, पण कुठलं अक्षर कुठे बसलं आहे ते डोळे मिटून सांगेन.

आता हे शेअरिंग म्हणजे काय, ते सांगते. आम्ही शिरवण्यात ज्या खोल्यांत राहायचो तिथे ओळीत एकाच घरी मिक्सर होता. बाकीच्या बायका आपापली डाळ, आपापलं खोबरं घेऊन तिथे जायच्या. मिक्सर एकाचा, वाटण सगळ्यांचं. प्रिंटरचं तसंच. तो वायरनं एका कॉम्प्युटरला जोडलेला असतो. त्या कॉम्प्युटरला सांगायचं की बाबा, घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरांनी काही पाठवलं तर छापून दे. मग दुसऱ्या खोलीतून पान पाठवता येतं. अट मिक्सरचीच. ज्याच्या घरी मिक्सर आहे त्याचं दार उघडं पाहिजे आणि मिक्सरला लाईट पाहिजे. फाईलींचं थोडं वेगळं. एखादा फोल्डर सगळ्यांसाठी उघडायचा म्हणजे डबा फडताळातून काढून ओट्यावर ठेवायचा. आणि हेही ठरवून देता येतं की दुसऱ्यांनी नुसतं बघायचं की आत हातही घालायचा.

सानपाड्याचे एक साहेब होते. ते म्हणाले, "आमच्या घरात लपवायचं काय आहे? सगळं सगळ्यांना दिसू दे. पासवर्ड वगैरे काही नको." मी तसं करून दिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीचा फोन, "ताई, माझ्या एका फोल्डरला कुलूप लावाल का? बाबांना नका सांगू." मग त्यांच्या मिसेसचा. शेवटी साहेब स्वतः दुकानात आले, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकून म्हणाले, "ते एक फोल्डर जरा…"

"साहेब, आता घरात उघडं काय राहिलं?" दादानं विचारलं.

"लाईटबिल," साहेब म्हणाले. आणि तेही हसले.

दादाचा एक नियम आहे, आणि आमच्या दुकानाचं नाव त्या नियमामुळे टिकून आहे असं मला वाटतं. काम झालं की आपण पान छापून दाखवायचं नाही. दुसऱ्या खोलीतून पहिलं पान घरच्याच माणसाच्या बोटानं यायला हवं. "आपल्या हातानं झालं ते आपल्यालाच येते. त्याच्या हातानं झालं तर ते त्याचं," असं तो म्हणतो. ह्या नियमामुळेच मला खारघरचे काका भेटले.

खारघरला एका उंच बिल्डिंगमध्ये सुधाकाकू आणि त्यांचे मिस्टर राहतात. काका एका ऑफिसात नकाशे काढायचे, आधी पेन्सिलनं, नंतर कॉम्प्युटरवर. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. कळतं सगळं, ऐकू येतं सगळं, शब्द मात्र बाहेर पडत नाहीत. ते आतल्या खोलीत पलंगावर असतात. त्यांची मुलगी बंगळूरला. मोबाईल देऊन पाहिला होता, पण एका हातानं तो धरायचा कशानं आणि दाबायचा कशानं?

"उशाशी घंटी ठेवली तर फेकून दिली," काकू मला दारातच सांगत होत्या. "घंटी वाजवली की मी धावत जायचे, पण काय हवंय ते कळायचंच नाही गं. पाणी हवंय की पंखा हवाय, मी आपली विचारत सुटते. त्यांना राग येतो. मग मला रडू येतं."

मुलीनंच युक्ती काढली. काकांना लॅपटॉपची सवय होती. डाव्या हाताच्या एका बोटानं ते टाईप करू शकत. काकूंना चष्म्याशिवाय पडद्यावरचं दिसत नाही आणि त्या फोन कुठेतरी ठेवून विसरतात. पण स्वयंपाकघराच्या दारातच जुना कॉम्प्युटर होता, त्याला प्रिंटर होता, आणि तो प्रिंटर सुरू झाला की घरभर घरघर ऐकू येते. काका आतून लिहितील, बाहेर मोठ्या अक्षरांत कागद येईल.

मी दोन्ही कॉम्प्युटरना नावं दिली, एकाला HALL, दुसऱ्याला KHOLI. जुना कॉम्प्युटर मध्येच झोपी जाऊ नये अशी सेटिंग केली. काकूंना सांगितलं की कॉम्प्युटर बंद करू नका, प्रिंटरही बंद करू नका. त्या हो म्हणाल्या. मग पहिल्या पानासाठी मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले. परका पुरुष पलंगावर, डोळे माझ्यावर रोखलेले. मी म्हणाले, "काका, काहीही लिहा आणि पाठवा." ते नुसते बघत राहिले. मी परत म्हणाले. ते तसेच. मला वाटलं, रागावले. घाम फुटला. मग त्यांचं बोट हळूहळू चालायला लागलं. बाहेर प्रिंटर घरघरला. काकूंनी कागद उचलला, चष्मा लावला, आणि तोंडाला पदर लावून खाली बसल्या. त्या हसत होत्या.

कागदावर होतं, "बाई, मोठ्याने बोला."

"अगं, ज्याला बोलता येत नाही तो तुला मोठ्यानं बोल म्हणतोय!" काकू म्हणाल्या. आतून घशातला एक खरखरीत आवाज आला. काकूंनी मला खूण केली, हसतायत. झटका आल्यापासून ते हसलेच नव्हते म्हणे.

मी दुकानात येऊन दादाला सांगितलं तेव्हा त्याला खूप आनंद झाला. "मी येवढी वर्षं तेच सांगतो हाय," तो म्हणाला.

थोड्या दिवसांनी काकूंचा दुकानात फोन आला. प्रिंटर नको आहे, येऊन सगळं काढून न्या. कारण सांगेनात. दादा म्हणाला, "गिऱ्हाईक काढ म्हनलं का काढायचं. जा तू."

मी गेले. काकूंचे डोळे सुजलेले होते. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि पलंगाजवळच्या टेबलावर लॅपटॉप बंद होता. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकूंनी माझ्या हातात कागद ठेवले. प्रत्येक पानावर मधोमध मोठ्या अक्षरांत थोडेसेच शब्द.

सुधा

सुधा, पाणी

बाटलीचं झाकण निघत नाही. पाणी

सुधा, झोपलीस का

राहू दे

"परवा दुपारी जरा आडवी झाले होते," काकू म्हणाल्या. "एकही कागद आला नाही. संध्याकाळी डॉक्टरांचा कागद छापायचा म्हणून मी प्रिंटर चालू केला, तर हे सगळे एकामागून एक बाहेर यायला लागले. मी धावत आत गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हापासून लॅपटॉप उघडू देत नाहीत. हात लावला तर ढकलतात."

मी पाहिलं. कॉम्प्युटर सांगितल्याप्रमाणे चालूच होता. भिंतीवरचं प्रिंटरचं बटण मात्र बंद होतं.

"काकू, हे…"

"माझाच हात गं." त्यांनी बटणाकडे पाहिलं. "लग्न झाल्यापासून ह्यांच्या शिस्तीत राहिले. खोलीतून बाहेर पडताना एखादं बटण चालू राहिलं की ह्यांचा आवाज सबंध जिन्यात ऐकू जायचा. 'सुधा, बटण!' आता माझा हात आपोआप जातो. तू सांगितलं होतंस, मी हो म्हटलं होतं, तरी गेला. त्यांनी लावलेल्या शिस्तीनंच त्यांचं तोंड बंद झालं बघ." मग त्या एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "काढून ने सगळं. बोलत नव्हते तेव्हा निदान रुसत तरी नव्हते. माझ्या हातून परत हेच होणार. मला नाही जमायचं."

मी खाली बसले. लाल टिकलीची वायर शोधली, तिच्यावर हात ठेवला. ओढायची, गुंडाळायची, पिशवीत टाकायची आणि निघायचं, हे काम मी कितीदा केलं होतं. न बोलता करता येणारं काम. पण हात पुढे जाईना. मला ते कागद दिसत होते. तो माणूस आत तहानलेला पडून, एका बोटानं एकेक अक्षर दाबतो आहे, आणि त्याला वाटतं आहे की बायकोनं ऐकलं आणि आली नाही. मी वायर काढली असती तर त्याला कायम तसंच वाटत राहिलं असतं. त्याला खरं सांगायला हवं होतं. आणि सांगणारी मीच होते, कारण मशीनचं मला कळत होतं.

मी उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"काकू, ऐका. त्यांनी हाक मारली, ती निघाली. तारेतून इथवर आली. पण प्रिंटर बंद होता म्हणून इथे कॉम्प्युटरात थांबून राहिली. तुम्हाला ती ऐकूच आली नाही. तुम्ही ऐकूनही आला नाहीत असं झालेलं नाही! आणि त्यांची एकही हाक वाया गेली नाही. सगळ्या ह्याच्या पोटात जपून राहिल्या, बटण लावल्यावर एकेक करून बाहेर आल्या. मशीन चांगलं आहे. तुम्हीही चांगल्या आहात. चूक त्या बटणाची आहे, आणि बटणाचं मी बघते!"

मी पर्स उघडली, सगळ्यात मोठी लाल टिकली काढली, भिंतीवरचं बटण चालू केलं आणि त्याच्यावर मधोमध चिकटवली.

"आता तुमचा हात आला की बोटाला टिकली लागेल. टिकली लागली की हात मागे घ्यायचा. बायकांच्या बोटांना कळतं ते."

"ह्यांच्या नावाची टिकली आहे होय," काकू म्हणाल्या, आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मी परत वायरींशी खाली बसले, आता करायला काही नव्हतं तरी. आतून टक असा आवाज आला, लॅपटॉपचं झाकण उघडल्याचा. मग बोटाचा, एक, थांबून एक.

प्रिंटर घरघरला. काकूंना चष्मा सापडेना, म्हणून कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी हळूहळू वाचला.

"बाई, आता ऐकू आलं."

माझं वाचून संपतं तोच दुसरं पान आलं. त्याच्यावर फक्त, "सुधा, पाणी."

काकू पळाल्या. पेला भरताना अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. आत जाऊन त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. मी वायर गुंडाळली नाही, पिशवी रिकामीच घेऊन खाली आले. दादाला फोन करून सांगितलं, काही काढलं नाही. तो म्हणाला, "जरा हलू बोल ताई, कानठली बसली."

आता मी ज्या ज्या घरी प्रिंटर लावते तिथल्या बटणावर टिकली लावते आणि काय बंद करायचं नाही ते दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते. अजूनही आधी मला घाम फुटतो. पण सांगते. चौथीच्या पुढचं मला जे कोणी शिकवलं त्यांत दादा आहे, प्रतिभा आहे, आणि एकही शब्द बोलू न शकणारे काकाही आहेत.

खारघरला मी अधूनमधून शाई भरायला जाते. फार लवकर संपते. आमटीला मीठ कमी, पंखा एक नंबरवर कर, कुकरच्या शिट्ट्या मोजतेस की नाही, असं काका दिवसभर छापत असतात. काकू कागदांच्या मागच्या बाजूला वाणसामान लिहितात. "गळा होता तेव्हा एवढं बोलत नव्हते गं," त्या मला सांगत होत्या, आतपर्यंत ऐकू जावं अशा बेतानं. लगेच प्रिंटर घरघरला. काकूंनी कागद पाहिला आणि मला न दाखवता घडी करून कमरेला खोचला.

मी लावलेली टिकली कधीच वाळून पडून गेली होती. बटणावर आता काकूंच्या पाकिटातली होती, चंद्रकोरीची.